राणीचा पदर, बलाईंची पगडी आणि रमाईचा फेटा

इंग्लंडच्या राजघराण्यात लग्न असो, राज्याभिषेक असो की अंत्ययात्रा, दुसऱ्या दिवशी आपल्या मोबाईलवर चर्चा एकच. कोणत्या सुनेने कसली हॅट घातली, तिला कसले पीस लावले होते, जाळी डोळ्यांपर्यंत होती की हनुवटीपर्यंत. आपली मुलेमुलीही ते रील बघतात आणि पुढे पाठवतात. बघू नका असे मी म्हणणार नाही, मीही बघतो. पण मित्रहो, हे बघताना एक प्रश्न विचारला पाहिजे. आपल्याकडच्या राण्यांच्या डोक्यावर काय होते? आणि त्याच काळात आपल्या पणज्यांच्या डोक्यावर काय होते?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. चुंबळ. जुनेर पिळून त्याची गोल चकती करायची, ती डोक्यावर ठेवायची आणि वर जळणाचा भारा, शेणाची पाटी नाहीतर पाण्याची घागर. हीच आमच्या बायांची टोपी, आणि ती कुठल्याही संग्रहालयात ठेवलेली नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र जरा खणून काढावे लागते.

डोक्यावर काय घालायचे हे ठरवण्याचा अधिकार सत्तेने नेहमीच स्वतःकडे ठेवला आहे, आणि हे काही फक्त भारतातच घडलेले नाही. इंग्लंडमध्ये 1571 साली पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात कायदा झाला की सहा वर्षांवरील सामान्य माणसाने रविवारी आणि सणाच्या दिवशी देशात विणलेली लोकरी टोपी घातलीच पाहिजे, नाहीतर दंड. सरदार, जमीनदार आणि खानदानी बाया यांना त्यातून सूट होती. म्हणजे टोपीवरूनच माणूस कोणत्या पायरीवरचा हे कळायचे. पुढे विसाव्या शतकातही लंडनच्या दरबारात राणीपुढे हजर व्हायचे तर विवाहित बाईने डोक्यात तीन पांढरी पिसे आणि मागे जाळीचे वस्त्र लावण्याची सक्ती होती. पण 1571 चा तो कायदा 1597 मध्ये रद्द झाला. माणसाने केलेला कायदा होता, माणसांनी मोडला. आपल्याकडचा कायदा देवाच्या नावावर होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मेलेल्यांचे कपडे घालावेत आणि अलंकार लोखंडाचे असावेत असे लिहून ठेवले आहे. असा कायदा कुठल्या पार्लमेंटात रद्द होणार? तो 25 डिसेंबर 1927 ला महाडात जाळावाच लागला.

आता आपल्या सोलापूरकडे या. सिद्धेश्वर तलावाच्या काठावरचा भुईकोट किल्ला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. हा किल्ला दोन वेळा बायकांच्या लग्नाच्या व्यवहारात घातला गेला, हे मात्र थोड्यांना माहीत असते. 1524 मध्ये विजापूरच्या आदिलशाही घराण्यातली मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. तेव्हा हुंड्यात सोलापूर देण्याचे ठरले होते. दिले नाही, आणि त्यावरून लढाया पेटल्या. पुढे तालिकोटच्या लढाईच्या आधी हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला खरोखर हुंडा म्हणून गेला. त्या तहाच्या कागदावर बाई आणि किल्ला एकाच रांगेत होते.

तीच चांदबिबी 1595 मध्ये मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला तेव्हा तटाला पडलेल्या खिंडारावर उभी राहिली. फरिश्ता या इतिहासकाराने ते लिहून ठेवले आहे: अंगात चिलखत, हातात नंगी तलवार आणि चेहऱ्यावर बुरखा. तट कोसळतोय, सुरुंग फुटतायत, तरी बुरखा उतरत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सुमारे 1700 सालचे दख्खनी चित्र आहे. त्यात चांदबिबी घोड्यावरून ससाण्याने शिकार करते आहे आणि तिचा चेहरा उघडा आहे. पण ते चित्र तिच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी काढलेले. जिवंतपणी पडदा, मेल्यावर मोकळा चेहरा.

मराठा राजघराण्यांतही वेगळे नव्हते. फक्त शब्द वेगळा, गोषा. राणी बाहेर पडली की मेण्याला पडदे, वाड्यात चिकाचे पडदे, डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला पदर. हॅट किंवा टोपी या राण्यांनी कधी जवळ केली नाही. मुकुटसुद्धा फारसा नाही. पदर हाच मुकुट. आणि हा मुकुट ज्याला परवडेल त्यालाच. रानात खुरपणाऱ्या कुणबिणीला, मोळी विकणाऱ्या महारणीला, पाटी उचलणाऱ्या मांगिणीला गोषा कसा पाळता येणार? म्हणून ज्या घरातल्या बाया दिसत नाहीत ते घर मोठे, असे मोजमाप तयार झाले. गरीब घराला चार पैसे आले की पहिल्यांदा घरातली बाई आत गेली.

या ठिकाणी बाबासाहेबांचा 1916 चा कोलंबिया विद्यापीठातला निबंध आठवावा लागतो. जातीचा उगम सांगणारा. जात टिकते ती स्त्रीवर पहारा ठेवून, हे त्यांनी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्हींच्या आधारे दाखवले. आणि वरच्याने दार लावून घेतले की खालचा त्याचे अनुकरण करत आपलेही दार लावून घेतो, असा जातीचा प्रसार त्यांनी समजावून सांगितला. गोषा हे त्या बंद दाराचे कापड आहे. राणीच्या डोक्यावरचा जरीचा पदर बघून आपण हरखतो. पण तो पदर तिची शोभा नव्हता, राजघराण्याच्या रक्ताला लावलेले कुलूप होते. किल्ली तिच्याकडे कधीच नव्हती.

काही राण्यांनी ते कुलूप उघडले, आणि त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई या त्यातल्या ठळक. सयाजीरावांच्या पत्नी. त्यांनी गोषा सोडला, 1911 मध्ये भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत सहलेखकासोबत पुस्तक काढले आणि जानेवारी 1927 मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. त्यांची मुलगी इंदिराराजे हिने ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेले लग्न मोडले आणि 1913 मध्ये कूचबिहारच्या राजपुत्राशी लंडनमध्ये लग्न केले. शिफॉनची साडी राजघराण्यांत रूढ करण्याचे श्रेय तिलाच देतात. हॅट नाही, पण पॅरिसचे कापड आले.

हे सगळे खरे. पण याच बडोद्यात 1917 मध्ये बाबासाहेब दरबारचे अधिकारी म्हणून गेले तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही, आणि कचेरीतला शिपाई फाइली लांबून फेकत होता. शिष्यवृत्ती देणारे सयाजीरावच होते, ते आपण विसरत नाही. मुद्दा दुसरा आहे. राजवाड्याच्या आत पडदा पडला, वाड्याच्या बाहेर विटाळ तसाच राहिला. राणीची सुटका आणि आपली सुटका या दोन वेगळ्या लढाया होत्या.

त्याच 1927 सालाच्या शेवटी महाडची परिषद झाली. मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब खास स्त्रियांशी बोलले. काय बोलले ते चळवळीतल्या प्रत्येकाला पाठ असायला हवे: अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असे कपडे घालू नका, लुगडे गुडघ्यापर्यंत खोचण्याची पद्धत सोडा, गळ्यात गळसऱ्यांची गर्दी आणि कोपरापर्यंत कथलाच्या वाक्या कशाला, मुलींना शाळेत घाला. आणि स्त्रियांनी तिथल्या तिथे ऐकले. दुसऱ्या दिवशी लुगड्याची नेसण बदललेली होती. टिपणीस आणि चित्रे या कायस्थ घरांतल्या बायांनी नेसायला मदत केली.

यावर आजकाल एक आक्षेप येतो. काही अभ्यासक म्हणतात की बाबासाहेबांनी तर वरच्या जातीच्या बायकांची नक्कलच करायला सांगितली. मग 1916 मध्ये अनुकरणावर टीका कशाला केली? आपल्या शिबिरांत मुली हा प्रश्न विचारतात आणि पुष्कळदा त्यांना गप्प बसवले जाते. गप्प बसवू नका. प्रश्न चांगला आहे आणि त्याला उत्तर आहे.

1916 च्या निबंधातले अनुकरण म्हणजे दार लावून घेणे. वरच्याने बाई कोंडली म्हणून आपणही कोंडायची. महाडला बाबासाहेबांनी बाईला आत जायला सांगितले नाही, उलट बाहेर उभे राहायला सांगितले. तुम्हाला लांबून बघून कोणी ‘ही अमक्या जातीची’ असे ओळखू नये, एवढीच ती मागणी होती. गोषा पाळा, कपाळापर्यंत पदर घ्या, मेण्यात बसा, असे त्यांनी सांगितले नाही. वरच्यांच्या कपड्यातला माणुसकीचा भाग घेतला आणि कैदेचा भाग टाकून दिला. अनुकरण म्हणायचे तर म्हणा, पण त्यात कुलूप नव्हते.

आणि हे किती स्फोटक होते ते पाहायचे असेल तर महाडनंतर दहा-बारा दिवसांनी वर्तमानपत्रात आलेली बातमी वाचा. त्यासाठी इंदूरला जावे लागेल. आपल्या विद्यापीठाला 2019 मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले, त्या होळकरांचे इंदूर. अहिल्यादेवींची कोणतीही तसबीर पाहा: पांढरे वस्त्र, डोक्यावर पदर, मुकुट नाही. तरी त्या गोषात बसल्या नाहीत. उघड्या दरबारात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकत, हे इंग्रज अधिकारी माल्कमनेही लिहून ठेवले. त्यांच्या नंतर सव्वाशे वर्षांनी त्यांच्याच संस्थानात जे घडले त्याचा दोष त्यांच्यावर येत नाही. पण ते घडले.

4 जानेवारी 1928 च्या टाइम्स ऑफ इंडियातली ही बातमी बाबासाहेबांनी आपल्या जातिनिर्मूलनाच्या प्रसिद्ध भाषणात घेतली आहे. इंदूर जिल्ह्यातल्या कनारिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आणखी पंधराएक गावांतल्या वरच्या जातीच्या हिंदूंनी, त्यांत कालोटा, राजपूत, ब्राह्मण, गावचे पाटील-पटवारी सगळे आले, बलाई या अस्पृश्य जातीला फर्मान काढले. त्यातले पहिलेच कलम डोक्याचे आहे: बलाईंनी जरीकाठी पगडी बांधायची नाही. मग रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही. बलाई बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, नक्षीचे झगे किंवा चोळ्या घालायच्या नाहीत. शिवाय हिंदूंच्या घरी मयत झाली की कितीही लांबच्या नातेवाइकाला सांगावा पोचवायचा, लग्नात मिरवणुकीपुढे वाजवायचे, बायकांची बाळंतपणे करायची, आणि मोबदला मागायचा नाही, देतील ते घ्यायचे. हे मान्य नसेल तर गाव सोडा.

बलाईंनी मानले नाही. मग विहिरी बंद झाल्या, गुरे चारायला बंदी आली, हिंदूंच्या शेतांतून जाणे बंद झाले आणि ज्यांची स्वतःची शेते होती त्यांच्या पिकांत गुरे सोडली गेली. दरबारात अर्ज केले, वेळेवर दाद लागली नाही. शेकडो बलाई बायकापोरांसह घरे सोडून धार, देवास, बागली, भोपाळ, ग्वाल्हेरकडे निघून गेले. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली घरे. पगडीला चार बोटे जर लावायची नाही, इथून सुरुवात झाली होती.

आता त्याच वर्षाचा मार्च. इंदूरचे माजी महाराज तुकोजीराव होळकर, बावला खून प्रकरणाच्या बदनामीनंतर 1926 मध्ये गादीवरून उतरलेले, सिएटलच्या नॅन्सी अॅन मिलर या तरुणीशी लग्न करायला निघाले. ती अमेरिकन, ख्रिस्ती. अडचण? काही नाही. नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींच्या हस्ते तिची शुद्धी झाली, ती हिंदू झाली, तिला धनगर कुटुंबात दत्तक घेतले गेले, नाव शर्मिष्ठादेवी ठेवले आणि काही दिवसांत लग्न लागले. हॅट गेली, डोक्यावर पदर आला, आणि जात मिळाली. विटाळ कुठेच नाही.

त्या बाईबद्दल माझी तक्रार नाही. तिने प्रेम केले आणि धर्म बदलला, तो तिचा हक्क. धनगर समाजाबद्दलही नाही. तो आपला बहुजन बांधव आहे, आणि आपल्या जिल्ह्यात आपण एकमेकांच्या वस्तीत वाढलो. माझी तक्रार त्या धर्मव्यवस्थेकडे आहे जिला सातासमुद्रापलीकडची मुलगी चार दिवसांत पोटात घेता आली. त्याच नाशिकमध्ये दोन वर्षांनी, 2 मार्च 1930 ला, दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकाराने हजारो लोक काळाराम मंदिराच्या दारात उभे राहिले. त्यांत स्त्रियाही होत्या. डोक्यावर दगड झेलले. सत्याग्रह पाच वर्षांच्या आसपास चालला. दार उघडले नाही. शेवटी बाबासाहेबांनी ते दारच नाकारले.

म्हणून ‘राजघराण्यातल्या स्त्रियांची फॅशन’ हा विषय मला निरुपद्रवी वाटत नाही. 1930 च्या दशकात इंदूरच्याच पुढच्या महाराजांचे आणि महाराणी संयोगितादेवींचे फोटो मॅन रे या पॅरिसच्या नामवंत छायाचित्रकाराने काढले. दोघे युरोपियन कपड्यांत. फोटो सुंदर आहेत, मासिकांत अजून छापले जातात. त्यांच्याखाली बलाईंच्या पगडीचा उल्लेख मी कधी वाचलेला नाही.

मग सगळेच राजे सारखे? नाही. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी तरुण आंबेडकरांकडे बोट दाखवून, हा तुमचा पुढारी, असे जाहीर केले. त्याच सुमारास महाराजांनी बाबासाहेबांना जरीपटक्याचा आहेर केला. आपल्या लोकांना ही गोष्ट सत्काराची वाटते, आणि ती आहेच. पण इंदूरच्या फर्मानाशेजारी ठेवून बघा म्हणजे तिची धग कळेल. एका मराठा राजाने अस्पृश्याच्या डोक्यासाठी स्वतःच्या हाताने जर दिली, आणि आठ वर्षांनी दुसऱ्या मराठी संस्थानात तीच जर बांधली म्हणून गाव सोडावे लागले. शाहूंनी काय मोडले होते ते बलाईंना मिळालेल्या शिक्षेवरून मोजता येते. याच शाहूंनी 1918 मध्ये विधवा झालेली आपली कोवळी सून इंदुमतीदेवी हिला वाड्यात कोंडले नाही, सोनतळीला ठेवून शिकवले. डोके झाकायचे की डोक्यात काही घालायचे, यातला फरक त्यांना कळत होता.

आणि त्या फेट्याची पुढची गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. 1923 मध्ये बाबासाहेब लंडनहून परत आले. बोटीवर घ्यायला जायचे, पण रमाईकडे धड साडी नव्हती. तेव्हा तिने महाराजांनी दिलेला तो जरीचा फेटा काढला आणि साडी म्हणून नेसली. ही गोष्ट आईकडून मुलीकडे आली आहे, आणि आपल्या बायांनी ती जपली यालाच इतिहास म्हणतात. पुरुषाच्या डोक्यावरचा मान बाईच्या अंगावर आला, तोही कोणाला न विचारता. एवढे धाडस कुठल्या महाराणीने आपल्या नवऱ्याच्या पगडीशी केल्याचे मी वाचलेले नाही.

आता सोलापूरचे आजचे बघू. गिरण्या बंद पडल्या, पण साड्यांचा बाजार आहे, आणि लग्नसराईत आपल्याही घरची गर्दी तिथे असते. काउंटरवर ‘पेशवाई’ साडी मागितली जाते. 1 जानेवारीला भीमा कोरेगावला जाऊन 1818 चा विजय साजरा करायचा आणि मे महिन्यात नवरीला ‘पेशवाई’ नेसवून, नथ घालून, मेण्यात बसवून ‘राजेशाही’ फोटो काढायचे! हसू येते आणि वाईटही वाटते. साडी नेसा, नथ घाला, हौस करा. बाबासाहेबांनी नीटनेटके, चांगले राहायला सांगितले होते. पण मेण्याचा पडदा फोटोपुरता का होईना ओढताना त्याच्या आत कोण बसवली जायची हे नवरीला माहीत असावे.

जयंतीच्या मिरवणुकीत चित्र वेगळे दिसते. पांढरी साडी, डोक्यावर निळा फेटा, हातात झेंडा, पुढे लेझीम. फेटा पुरुषाचा, तो मुलींनी घेतला. काही जुन्या कार्यकर्त्यांना हे खटकते, ‘हे गुढीपाडव्याच्या शोभायात्रेवरून उचलले’ म्हणतात. उचललेही असेल. रमाईची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांनी तरी त्या फेट्याला नावे ठेवू नयेत.

मला खटकते ते दुसरेच. फेटा बांधलेल्या मुली मिरवणुकीच्या पुढे असतात, फोटोत असतात, बॅनरवरही असतात. वर्गणी किती जमली, खर्च कशावर झाला, डीजेला किती आणि अभ्यासिकेला किती, परवानगीच्या अर्जावर सही कोणाची, या बैठकीत त्या किती असतात? बहुतेक ठिकाणी एकही नाही. चहा आणून देतात. मिरवणुकीपुरता मान आणि बैठकीत गोषा, हा राजवाड्याचा रिवाज आहे, आपला नाही. पुढच्या जयंतीच्या पहिल्या बैठकीत आपापल्या मंडळात ठराव मांडा: खजिनदार बाई असेल, आणि पोलीस ठाण्याच्या अर्जावर अध्यक्षाच्या बरोबरीने तिची सही असेल. ठराव कोणत्या मंडळात पडला आणि कोणी पाडला, तेही लिहून कळवा.

जय भीम.